डोक्यावरचे खोटे नाव

मित्रांनो, माझ्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत एका बड्या परदेशी कंपनीचे नाव आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि त्या कंपनीचे मी दारसुद्धा पाहिलेले नाही. माझा जन्म ब्राझीलमधल्या अबायतेतुबा या नदीकाठच्या गावी, होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या परसात झाला. त्याचे नाव देओदातो. ते मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण ज्याने सांगायला हवे होते त्याने ते गिळले.

सोमवार ते शनिवार देओदातो होड्या बांधायचा आणि रविवारी गिटारी. त्याला कोणी सांगितले नव्हते. नदीपलीकडच्या एका नाचात त्याने इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि गडी खुळावला, एवढेच.

"लोकांचे नवरे रविवारी झोपतात, नाहीतर फुटबॉल बघतात," त्याची बायको लुसिदेया कुरकुरायची. "आमचे लाकडाला कान लावून बसतात!"

पण कुरकुरत का होईना, तिनेच आपले शिवणयंत्र त्याला दिले. मोडक्या रेडिओतली केसासारखी बारीक तांब्याची तार त्या यंत्राच्या चाकावर फिरवून त्याने लोहचुंबकाभोवती गुंडाळली. तारांचा आवाज पकडणारे माझे कान म्हणजे हेच. एकेका कानाला सात हजार फेरे. शंभर फेरे झाले की लुसिदेया वाटीत चवळीचा एक दाणा टाकायची. एकदा शेजारीण गप्पा मारायला आली आणि मोजणी चुकली, तेव्हा दोघांनी सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझे अंग होडीच्या केबिनसाठी आणलेल्या तांबूस लाकडाच्या उरलेल्या तुकड्याचे. होडीच्या फळ्या बसवताना देओदातो मध्ये थोडी फट ठेवायचा, कारण पाण्यात लाकूड फुगते आणि सांधा आपोआप आवळतो. हाताच्या सवयीने त्याने माझ्या मानेच्या सांध्यालाही तशीच फट ठेवली. तारा ताणल्या आणि माझी मान लटपटू लागली.

"आता हिला आठ दिवस नदीत बुडवून ठेवा, म्हणजे फुगेल!" लुसिदेया पोट धरधरून हसली.

देओदातो ओशाळला, मग तोही हसू लागला. पुढचे तीन रविवार त्याने लाकडाची एक पातळ चीप घासून घासून त्या फटीत बसवली. त्यानंतर माझी मान आजवर हललेली नाही.

आमच्या गावात नाव रंगवल्याशिवाय होडी पाण्यात उतरत नाही. होड्यांवर अक्षरे काढणारा एक रंगारी देओदातोचा दोस्त होता. त्याने माझ्या डोक्यावर लालनिळ्या वळणदार अक्षरांत लिहिले, 'देओदातो, अबायतेतुबा'. देओदातोने ते नाव वाळेपर्यंत मला कोणाला शिवू दिले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र तो स्वतःहून हाका मारून दाखवत होता.

त्याला स्वतःला धड वाजवता येत नसे. म्हणून त्याने मला लुसिदेयाच्या धाकट्या भावाला, वाल्मीरला देऊन टाकले. वाल्मीरचा हात मात्र सोन्याचा होता, हे मी नाकारणार नाही.

"दाजी, ही बोलते हो!" पहिल्याच दिवशी तो ओरडला.

दोन वर्षे आम्ही गावोगावच्या नाचांत वाजवले. कोणी विचारले की वाल्मीर छाती फुगवून सांगायचा, "माझ्या दाजींनी केलीय." मग बेलेम शहरातून रेकॉर्ड काढण्यासाठी बोलावणे आले आणि त्या रविवारी तो मला घेऊन परसात येऊन बसला.

"दाजी, तिथं सगळ्यांकडे परदेशी गिटारी असतात. ही नेली तर म्हणतील, आला होडीवाला वल्हं घेऊन."

"आवाज ऐकला की गप्प बसतील," देओदातो म्हणाला.

"ऐकायच्या आधी डोकं बघतात हो ते. नुसतं नाव बदलायचं. आवाज तुमचाच की."

लुसिदेया हातातला चुलीला वारा घालायचा पंखा टाकून पुढे आली. "लाज कशी वाटत नाही रे तुला? त्यांच्या घरात बसून त्यांचंच नाव खोडायला सांगतोस?"

"ताई, एकदा माझा जम बसू दे, मग मीच सांगीन सगळ्यांना. आईची शपथ!"

देओदातोने उठून पॉलिशकागद आणला. "दे इकडे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला देशील, तर तो नुसतं खरवडून ठेवील."

मित्रांनो, त्याने आपले नाव आपल्याच हाताने घासून काढले, तेही इतक्या जपून, की लाकडाला एक चरा पडला नाही. रंगारी दोस्ताने खोटे नाव लिहायला साफ नकार दिला. शेवटी मासिकातल्या चित्रावर बघून ती सोनेरी अक्षरेही देओदातोनेच काढली. मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडले असते.

वाल्मीरचा जम बसला. रेकॉर्ड निघाली, तिच्या वेष्टनावर माझे चित्र छापले, खोट्या नावासकट. एका रविवारी दुपारी रेडिओवर त्याची मुलाखत झाली. मी त्याच्या मांडीवरच होते.

"इतका गोड आवाज! गिटार कुठली हो?" निवेदकाने विचारले.

"मायामीहून मागवलीय," वाल्मीर म्हणाला. "आपल्याकडे अशी कोण करणार?"

नाताळात आम्ही गावी गेलो. परसात नवी गिटार नव्हती. अर्धवट राहिलेले एक अंग पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले होते.

"रेडिओ ऐकला त्या दिवसापासून त्यांनी ह्या कामाला हात लावला नाही," लुसिदेया भावाला म्हणाली.

"अगं ताई, तिथं बोलावंच लागतं तसं."

देओदातोने मला हातात घेतले, मानेवरून बोट फिरवले, ढिली झालेली एक तार पिळली. "आवाज चांगला ठेवलायस," तो वाल्मीरला म्हणाला आणि मला परत दिले. त्या शांतपणाची मला अजून चीड येते.

पुढे काळ बदलला, बटण दाबताच सूर-ताल वाजवणारे विजेचे बाजे आले, वाल्मीरला कोणी विचारीनासे झाले. तेव्हा तो मला बेलेममधल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे विकायला घेऊन गेला. म्हाताऱ्याने मला खोलले, कान पाहिले, मानेचा सांधा पाहिला.

"कंपनीची नाही ही. नकली आहे," तो म्हणाला. मग त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "पण काय काम केलंय! चाळीस वर्षांत असा हात बघितला नाही. कोणी केली हो?"

मित्रांनो, एक नाव, चार अक्षरे! मी वाट पाहिली.

"मला काय माहीत?" वाल्मीर म्हणाला. "मलाही कोणीतरी फसवलंच की."

आता मी त्या दुकानाच्या भिंतीवर आहे. गळ्यात चिठ्ठी आहे, 'नकली'. मला पुसा, माझ्या तारा बदला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात कोणी आपले सुट्टीचे दिवस घालवून तुमच्यासाठी काही घडवत असेल, तर त्याचे नाव चारचौघांत घ्या, त्याच्या कानावर पडेल असे घ्या. देओदातो इथून बोटीने काही तासांच्या अंतरावर अजून होड्या बांधतो आहे. मला विकल्याचे त्याला कळले असेल. पण मला कोणी घडवले, असे कौतुकाने विचारणारा एक माणूस भेटला होता, हे त्याला कधीच कळणार नाही.