साडेतीन मिनिटं

“आय दम कुठं घेते, तेवढं दाखवा,” असं म्हणून पुष्पाने पदराने कपाळ पुसलं आणि ती स्टुलावर बसली.

विनिताला आधी मागणीच कळली नाही. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या माडीवर ती सोळा वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करत होती. दोन तालुक्यांतल्या नवऱ्या तिला बाजारात चेहऱ्याने ओळखू येत. तिला मात्र कोणी ओळखत नसे. गिऱ्हाइकं माडी चढून येत ती मामा दिसत नाही म्हणून, नाहीतर पंगतीत आपण नाही म्हणून. दम मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

“कुठल्या लग्नातली आई?”

“उधव्याच्या. माझ्या भाच्याचं लगीन. आय धवलेरी होती, चंद्रा.”

वारल्यांकडे लग्न लावते ती बाई, धवलेरी; ती गाते तेव्हा कुठे लग्न लागतं. चंद्रा त्या मांडवात सलग त्रेचाळीस मिनिटं गायली आणि पुढच्याच महिन्यात गेली. ते गाणं कुठे लिहिलेलं नाही. आता रविवारी पाड्यावर लग्न होतं, धवलेरी म्हणून पुष्पाला बसायचं होतं आणि आज शुक्रवार. महिनाभर ती विनिताने केलेला व्हिडिओ मोबाइलवर लावून शिकत होती.

“शब्द बसलं सगळं. पन मधीच माझा दम सुटतो, ताई. आय तर दम घेतच नाय. सत्तर वरसांची म्हातारी, तिला पुरतो नि मला पुरत नाय? आवाज पन जड येतो तिचा. अशी नव्हती गात ती. का मीच इसरले?”

दम कुठे गेला ते विनिताला ठाऊक होतं.

त्या लग्नात कॅमेरा लांब होता, म्हणून शूटिंगवाल्या धर्मेशने म्हातारीजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवला होता. दोन्ही जुळवायला घेतले तेव्हा सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर बसले. पाच मिनिटांत आवाज मागे पडायला लागला. ओठ मिटले तरी सूर चालूच. त्यावर विनिताचा हातखंडा उपाय होता. गाणारा श्वास घेईल तिथे कात्री लावायची, श्वास काढून टाकायचा आणि पुढचा तुकडा अलीकडे ओढायचा. ओठ जुळतात, गिऱ्हाईक खूश. कितीतरी लग्नांत तिने हे केलं होतं आणि आपल्या सफाईचा तिला अभिमानही होता.

पण कात्रीने आवाज जड होत नाही. तिने धर्मेशला फोन लावला. “उधव्याला रेकॉर्डर कितीवर ठेवला होतास?”

“अठ्ठेचाळीसवर. का गं?”

तिचा कॉम्प्युटर चव्वेचाळीसवर होता. म्हणजे रेकॉर्डरने सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार कण भरले आणि तिच्या मशिनने सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभरच काढले. आवाज लांबला, जड झाला, मागे पडला. आकडा तिने पाहिला नव्हता आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

“मूळ फाइल आहे का रे तुझ्याकडे?”

“पुसली की. तूच सांगतेस ना, फिल्म गेली की कार्ड रिकामं कर म्हणून.”

तिचीही पुसलेली होती. उरली होती फक्त तयार फिल्म. तिने ती उघडली, प्रत्येक सांध्यावर पुन्हा कापली आणि एकेक तुकडा खऱ्या वेगाला आणू लागली. चंद्राचा आवाज हलका झाला, त्याला धार आली. पुष्पा स्टुलावरून उठून उभी राहिली.

“ही आय,” ती म्हणाली, आणि रडू आवरेना तशी खाली चहाच्या टपरीवर गेली.

विनिता काम करत राहिली. तुकडा आखडला की त्याच्या पुढे जागा उघडी पडे, श्वास होता बरोबर तिथेच. सगळ्या जागांची बेरीज साडेतीन मिनिटं भरली. साडेतीन मिनिटं, आणि त्यांत काहीच नाही. तिला स्वतःची किळस आली. मेलेल्या बाईचा श्वास ती आणणार कुठून?

माइक समोरच होता. तिने तो ओढला, दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्या जागेत बसवून पाहिला. इतका चपखल बसला की पुष्पाला कधी कळलंही नसतं. विनिताने तो दोनदा ऐकला आणि पुसून टाकला.

पुष्पा वर आली तेव्हा विनिता उभीच होती. “पुष्पाताई, तुमची आई दम घेत होती. मी काढला तो. ओठ जुळावेत म्हणून. आता परत नाही येणार. जागा तेवढ्या मोकळ्या केल्यात.”

पुष्पा स्टुलावर बसली. रस्त्यावर रिक्षावाले तलासरी, तलासरी ओरडत होते.

“म्हंजे आय थांबायची,” ती म्हणाली. “महिना झाला, मला वाटतंय माझ्यातच खोट हाय.”

विनिताने फिल्म पुन्हा सुरुवातीला नेली.

“लावा,” पुष्पा म्हणाली.

विनिताने लावलं. चंद्रा गायला लागली, स्टुलावर बसलेली पुष्पा डोळे न हलवता पडद्याकडे पाहत तिच्यामागे हळू आवाजात गाऊ लागली. ओळ संपली. पडद्यावर म्हातारीचे ओठ मिटले, खांदे वर उचलले गेले, आवाज काही आला नाही. त्या जागेत पुष्पाने दम घेतला.