मुऱ्हाळी सायकलवर

“आये, दोनी हातांनी शीट धर. आन् एका अंगाला झुकू नगंस,” दामू म्हणाला.

आक्काबाईने कॅरेजवरची वाकळ चाचपली आणि ऐटीत बसली. एरवी तिथे दुधाच्या किटल्या लटकायच्या. वाड्यावाड्यांतलं दूध गोळा करून पौडला पोचवण्यात दामूचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आज किटल्या अंगणात उपड्या होत्या.

“कुटं निगालीस गं नटूनथटून?” शेजारच्या रंभाबाईने विचारलं.

“माहेरी. मुऱ्हाळी आलाय न्ह्यायला.”

रंभाबाईचं हसू ओठांवरच राहिलं. आक्काबाईचं माहेर मुळशीच्या तळ्यात गेलेलं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिच्या लग्नानंतर धरणाचं पाणी चढलं आणि भाऊ पोटामागे पांगले. उन्हाळ्यात इतर सुनांचे भाऊ मुऱ्हाळी होऊन माहेरी न्यायला यायचे, तेव्हा ही मुद्दाम गोवऱ्या थापायला बसायची. पण बहात्तरच्या दुष्काळाने तळं कधी नव्हे इतकं हटलं. घरांची जोती उघडी पडलीत, असं गुराखी जयसिंग सांगून गेला आणि म्हातारीचं चित्त थाऱ्यावर राहिना. “पाऊस पडला की फिरून बुडंल. माजं गुडघं तर आत्ताच गेल्यात. मग कवा बगू?” रोज एकच धोशा.

माळावर वाळलं गवत वाऱ्याने लवत होतं. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून ह्याच वाटेने वर यायचं, म्हणून कातळ मधोमध गुळगुळीत झाला होता. सायकल त्यावरून आपसूक घरंगळत गेली. म्हातारी मागे काहीतरी गुणगुणत होती.

पुढे देवराई. राईत सायकलवर बसायचं नाही, पायात चप्पल ठेवायची नाही. दामू रोज उतरून, चपला हातात घेऊन सायकल ढकलायचा.

“तू बसून ऱ्हा. कोन बगतंय?” तो म्हणाला.

“देव आंधळा हाय व्हय?”

ती उतरली, दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. दामूने सायकल जांभळीला टेकवली, चपला हँडलला अडकवल्या आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याने तिला पाठीवर घेतलं. भरल्या किटलीहून हलकी होती ती. आत हिरवा अंधार, पायाखाली मऊ पाला. आक्काबाई त्याच्या मानेशी बोलत होती, आवाज मात्र लहान मुलीचा. आंब्याखाली कोण खेळायचं, कोण पडलं, कोणाचा परकर फाटला. दामूला वाटलं, राई संपूच नये. तिला पलीकडे बसवून तो सायकल आणायला माघारी गेला.

भातखाचरांच्या कडेने रस्ता तळ्याकडे उतरायचा, म्हैस पाण्यात शिरावी तसा सरळ पाण्यात जायचा. आज पाणी लांब चकाकत होतं आणि रस्ता सुक्या, भेगाळल्या गाळातून पुढे चालला होता.

“डावीकडं घे. हितं चिंच हाय.”

चिंचेचं काळं खोड होतं.

“आता हीर यील.”

गाळाने बुजलेली विहीर आली. ती सांगेल तिकडे दामू हँडल वळवत राहिला. कुणाच्या तरी स्वप्नातून सायकल चालल्यासारखं त्याला वाटत होतं.

एका जोत्यापाशी तिने थांबवलं. दामू तिला धरून वर चढू लागला.

“चपला काड,” म्हातारी खेकसली. “घर हाय ते.”

दामू उतरला, चपला खाली काढल्या आणि दार होतं तिथून आत आला. आक्काबाई जमिनीतल्या उखळापाशी बसली. बोटांनी त्यातला गाळ उकरून काढला आणि मोठ्याने रडली. मग पदराने उखळ पुसलं आणि हसली. दोघांनी तिथेच भाकरी खाल्ली. उन्हं कलली तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“येते गं,” ती उखळाकडे बघून म्हणाली.

त्या पावसाळ्यात तळं भरलं. थंडीत आक्काबाई गेली.

दामूच्या किटल्या पुन्हा कॅरेजवर आल्या. पण उन्हाळ्यात बायकांचे भाऊ वाडीत यायला लागले की एखाद्या दिवशी दूध घालून तो तळ्याकडे वळतो. रस्ता पाण्यात शिरतो तिथे सायकल स्टँडवर लावतो. चपला काढून काठावर नीट जोडून ठेवतो आणि मग पाण्यात पाय घालतो.