संसर्गाचं वर्ष

रिकामा रकाना दिसला की माझं डोकं फिरतं. आमच्या अभ्यासात एकच रकाना कायम रिकामा राहायचा: संसर्गाचं वर्ष. हिपॅटायटिस सीचा विषाणू पंचवीस-तीस वर्षं अंगात गुपचूप राहतो आणि यकृत हळूहळू निबर करत जातो. किती वर्षांत किती निबर, हे शोधायला आम्ही लातुरात बसलो होतो. पण सुरुवात कधी झाली, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. "कुनाला ठाव बाई" हे उत्तर ऐकून माझे कान किटले होते.

म्हणून रेणापूरकडच्या सिंधुबाई आल्या तेव्हा मी हरखले. "कधी रक्त चढवलं होतं का?" असं विचारल्यावर त्या चक्क लाजल्या. साठीच्या बाईला या प्रश्नावर लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चढवलं की. सुकन्याच्या वक्ताला. ह्यांचंच."

'ह्यांचंच' म्हणजे शेजारी बसलेले त्यांचे यजमान, शेषेराव. ते लगेच सरसावून बसले. बाळंतपणात सिंधुबाईंचं रक्त थांबेना, भाऊबंद एकेक करून मागं सरले, तेव्हा ह्यांनी बाटलीभर रक्त दिलं आणि सायकल मारत गावी जाऊन म्हशीची धारही काढली. गावातली एकही पंगत या गोष्टीशिवाय उठत नसे. लेक सुकन्या आता नांदेडला शिक्षिका आहे. तिच्या सासरीही ही गोष्ट ऐकवून झाली होती.

"आता हिच्यात निम्मं मीच हाय," शेषेराव म्हणाले.

"म्हनूनच म्या इतकी हेकट झाले," सिंधुबाई म्हणाल्या.

आणि मी, मृण्मयी, एम.एस्सी. झालेली शहाणी, लेकीच्या वयावरून अंदाजानं वर्ष लिहीत आनंदानं म्हणाले, "चला, सापडलं. तिथूनच आलंय मग हे."

शेषेरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आता जीभ चावून काय उपयोग? तेव्हा रक्तात हा विषाणू शोधायची सोयच नव्हती, यात कुणाचा दोष नाही, असं मी घाईघाईनं सांगितलं. दोघांनी मान डोलावली. मी शेषेरावांनाही तपासणी करून घ्यायला लावली आणि त्यांची गोष्ट अर्ध्यावर राहिली ती राहिलीच.

दहा-बारा दिवसांनी ते एकटेच आले. त्यांच्याही रक्तात विषाणू निघाला होता.

"म्याडम, तिला सांगितलं न्हाई अजून. लई इचार केला. त्या कागदावर रगत नका लिव्हू. आमच्या गावात कंपाउंडर व्हता. एकच सुई समद्या गावाला टोचायचा. ते लिव्हा. तेच आसंल."

अगदीच खोटं होतं असंही नाही. शेषेरावांना हा आजार बहुधा त्या सुईनंच दिला असेल. पण दोघांच्या विषाणूची जात एक निघाली होती, आणि बाटली तर ह्यांचीच. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "चौतीस वर्सं सांगत फिरलो, म्या हिला वाचवलं. आन् दिलं काय, तर ही बिमारी. ती आता मला काय म्हनंल?"

मला त्या माणसाची फार माया आली, आणि स्वतःचा तितकाच राग आला. "बघते," एवढंच म्हणाले. ही शुद्ध पळवाट होती.

पुढच्या सोमवारी सिंधुबाईंचं फायब्रोस्कॅन होतं. उपाशीपोटी, उजवा हात डोक्याखाली घेऊन त्या खाटेवर पडल्या. यंत्राचा दांडा दोन बरगड्यांच्या मधे टिचक्या मारतो आणि यकृत किती कडक झालंय ते सांगतो. आकडा साडेनऊ आला. नुकसान झालं होतं, पण सिरॉसिसपर्यंत गेलं नव्हतं. तीन महिने रोज गोळ्या घेतल्या की विषाणू बहुधा जाईल, मग यकृतही सावरायला लागतं, असं मी दोनदा समजावलं. त्या छताकडे बघत होत्या.

"पुतन्याच्या लग्नात समदे ह्यांना म्हनले, रगताची गोष्ट सांगा की," त्या म्हणाल्या. "तर हात धुवाया उठून गेले. ताटात पुरनपोळी तशीच. त्यांलाबी निघालं ना?"

दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट मला सांगता येत नाही. पण माझ्या चेहऱ्याला नियम पाळता येत नाहीत.

त्यांनी पदर सावरला, दार उघडलं आणि बाकावर बसलेल्या शेषेरावांना आत बोलावलं. "बियाणं आणाया म्हनून लातूरला आलात आन् रिकाम्या हातानं घरी परतलात. इथं आला व्हता ना? काय मागितलंत ह्या पोरीकडं?"

शेषेरावांना खोटं बोलता येत नव्हतं. "कागदावर सुई लिव्हा म्हनलं," ते पुटपुटले.

सिंधुबाईंचा आवाज चढला नाही. "तुमच्या रगतानं आलं, ते मला त्याच दिशी कळलं. हिच्या तोंडात तर तीळ भिजत न्हाई. त्याचा राग न्हाई मला. तवाच मेले असते, तर बिमारी व्हयाला तरी उरले असते का? राग ह्याचा हाय, की ती गोष्ट तुमी पुसाया निघाला. मला न इचारता. ती काय एकट्या तुमची हाय व्हय?"

मला रडू येत होतं, आणि कागद चाळत मी ते लपवत होते. शेषेराव माझ्या टेबलापाशी आले. फॉर्म हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी मी लिहिलेलं १९९१ पाहिलं.

"चुकलं म्याडम," ते म्हणाले. "नव्वद साल. डिसेंबरची एकोणीस तारीख. सकाळी साडेदहाला बाटली भरली."

मी खोडलं आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं.