मंडईतल्या पाट्या

गोपाळकृष्ण दामले सिनेमाला जात ते सुरुवातीची नावं बघायला. ती चुकली की दारातूनच परत फिरत. पंगतीत वरणभात होऊन गेल्यावर कोणी पानावर बसतं का, असं त्यांचं म्हणणं. दुसरी खोड मंडईतली. तिथे ते कोथिंबिरीच्या जुडीवरूनही घासाघीस करत.

त्यांची मुलगी वल्लरी सिनेमांची ही सुरुवातीची नावंच तयार करायची. कुणाला काळ्या पडद्यावर साधी पांढरी अक्षरं हवी असत, कुणाला नाचणारी चित्रं, कुणाला अर्धा तास गोष्ट झाल्यावर अचानक येणारं नाव. हिंजवडीतली नोकरी सोडून तिने हे धरलं, तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले होते. पुण्यात अशा "बरं"चा अर्थ विचारावा लागत नाही. तिला ते रुतलं होतं, आणि अजून निघालं नव्हतं.

यंदा तिला पहिला मोठा सिनेमा मिळाला. तिने मंडईतल्या गाळ्यांसाठी पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या, प्रत्येक पाटीवर सिनेमा करणाऱ्यांपैकी एकेकाचं नाव. कॅमेरा पिशवी घेतलेल्या गिऱ्हाइकासारखा गाळ्यागाळ्यातून फिरला. लिंबूवाल्या धोंडिबाच्या डोक्यावरच्या पाटीवर तिचं स्वतःचं नाव होतं.

पहिल्या खेळाला बाबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले. मंडई सुरू झाली. वल्लरी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. लिंबं आली आणि गेली. मग बाबा तिच्याकडे वाकले.

"नावं कधी येणार?"



बाहेर पडताना बाबांनी निकाल दिला. मंडई अगदी आपली वाटली, पण केलं कोणी हे आधी सांगायला नको? निदान तू असताना?

"पाट्यांवर होती, बाबा," ती म्हणाली. "माझंही."

बाबा रिक्षा बघायला पुढे झाले. तिनेही विषय सोडून दिला. एवढ्या वर्षांत नावं न चुकवणाऱ्या माणसाने नेमकं तिचंच चुकवलं होतं, आणि ते तिच्याच हुशारीमुळे.

सकाळी ते पिशवी घेऊन मंडईत गेले आणि उन्हं चढल्यावर परतले. ओट्यावर लिंबांचा ढीग ओतला. वल्लरीच्या नावाची पाटी पक्क्या रंगाची म्हणून धोंडिबाने शूटिंगनंतरही काढलीच नव्हती.

"एवढी लिंबं कशाला?" वल्लरीने विचारलं.

बाबा चपला जागेवर ठेवत म्हणाले, "तो म्हणेल त्या भावाने घेतली. त्या पाटीखाली उभं राहून घासाघीस करवेना."