नऊ पॉइंट एक, डावीकडे

९.१, डावीकडे.

८.८, डावीकडे.

पडद्यावरचा पुढचा आकडा वाचायची गरजच नव्हती. तिचे छर्रे गेली चार वर्षं डावीकडेच जात होते, जणू तिकडे त्यांची मावशी राहते. नेमबाजीची निवड चाचणी तासाभरावर आली होती. वयाच्या नियमाने ही शेवटची. आज संघात नाव आलं नाही, तर पिस्तूल कायमचं पेटीत.

"हात नाही, मन हलतंय तुझं," मागून बाबा म्हणाले. तिचे प्रशिक्षक तेच. "घाबरट ती घाबरटच. आणि पिस्तुलाला नावं ठेवू नकोस. कालच तपासलंय मी. पाचपैकी पाच दहा."

पिस्तूल मूळचं त्यांचंच. दर आठवड्याला ते स्वतः पाच छर्रे मारून बघायचे आणि निर्दोष म्हणून तिच्या हातात द्यायचे.

(इथे ट्रिगर तुटला.)

बोटाखाली कट् झालं, बस्स. तुकडा उचलून ती धावली.

सरावाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर पिस्तुलं दुरुस्त करणारे कानसकाका बसत. हातातली कानस जेवतानाही सुटत नसे, म्हणून हे नाव. त्यांनी तुकडा उजेडात धरला.

"घासून घासून पार चमचा केलाय की याचा! असला खोलगट आता कुठून आणू? हा सरळ बसवतो, पट्टीसारखा. आणि पोरी, तुझं बोट आखूड आहे, नखभर मागे घेतो."

"ऐनवेळी नवं काही नको," बाबा म्हणाले.

"मग काय, बोटाने फुंकर मारू दे तिला?"

१०.४.

तिने शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. नाही, आकडा तिच्याच पडद्यावर होता.

१०.६.

१०.२.

अंगावर सर्रकन काटा आला. आनंद नव्हता तो. रिकाम्या घरात आतून कुणी हाक मारावी, तसं काहीतरी.

"मशीन बिघडलंय. दे इकडे." बाबांनी पिस्तूल घेतलं, नेम धरला.

८.९, उजवीकडे.

त्यांनी पाय नीट रोवले.

८.७, उजवीकडे.

"मन हलतंय का हो?" कानसकाकांनी विचारलं.

काकांनी दोघांचे हात ओढून तळव्याला तळवा लावला. बाबांचं बोट अर्धं पेर लांब. जुन्या ट्रिगरचा खळगा बरोब्बर त्या बोटाचा. तिचं नुसतं टोक टेकायचं आणि दाबताना पिस्तूल डावीकडे ढकलायचं.

"दर आठवड्याला तपासलंत, साहेब. पण स्वतःच्या हाताने."

चार वर्षं.

चार वर्षांत काय काय बसतं! पहाटेचे श्वासाचे व्यायाम. मनाच्या डॉक्टरीणबाईंची ती करकरणारी खुर्ची. जिवलग मैत्रिणीचं चुकवलेलं लग्न, कारण लक्ष विचलित होतं. आरशासमोर रोज शंभर वेळा: मी घाबरत नाही, मी घाबरत नाही, मी

घाबरत नव्हतीच ती.

घंटा झाली. ती बाबांकडे न बघता आत गेली. साठ छर्रे. एकोणचाळिसावा डावीकडे गेला. तो मात्र तिचा स्वतःचा. यादी लागली. चार नावांत तिसरं तिचं.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. तुटक्या ट्रिगरच्या खळग्यात त्यांचं बोट, अगदी घट्ट.

"काहीतरी बोल ना," ते म्हणाले.

"आज घाबरले होते, बाबा. पहिल्यांदाच. प्रत्येक दहाला वाटायचं, हा कुणा दुसरीचाच आहे."

त्यांनी तो तुकडा पुढे केला. तिने बोट ठेवलं. खळग्यात ते डुगडुगलं.

'नीट ठेव' हे शब्द सवयीने बाबांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले.