दोन ते सहाचा पहारा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. एका वीणेची गोष्ट सांगतो.

सूर्यभानने ओल्या फडक्याने पहाऱ्याच्या फळ्यावरची चार नावं पुसली आणि ‘दोन ते सहा’ समोर खडूने स्वतःचं नाव लिहिलं. दर्यापूरच्या वाटेवरल्या त्या गावात हरिनाम सप्ताहाचा चौथा दिवस होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, ती घेऊन खाली बसायचं नाही, पुढचा पहारेकरी आल्याशिवाय गळ्यातून काढायची नाही, ही तिथली रीत. दुपारी बारापासून ती कुलदीपच्या गळ्यात होती.

कुलदीप सीमेवरचा जवान. पौषातल्या धुक्यात गस्त घालताना हद्दीचा खांब मागे राहिला आणि तो पलीकडच्यांच्या हाती सापडला. दोन देशांचे अधिकारी अठरा दिवस बोलत राहिले, मग तो परत आला. त्याच सीमेवर, मदत पोचायच्या आत, सूर्यभानचा मुलगा शेखर गेला होता. शेखर तिरंग्यात आला. हा दोन पायांवर चालत आला, ते सूर्यभानच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दोन वाजले. सूर्यभान खांबाला पाठ टेकून बसून राहिला.

“तुया नंबर हाय ना बापू?” टाळकरी महादेवरावांनी विचारलं.

“माहीत हाय मले. तुमी जेवून या निवांत.”

मंडपात दोघंच उरले.

“काय काय सांगितलं रे त्याहीले?”

“नाव अन् नंबर, काका.”

“अठरा दिवस नावच सांगून राहिला होता? टीव्हीवाला तं म्हणे, पाहुण्यासारखा चहा पाजला.”

“पाजला. डोळ्याले पट्टी बांधून.”

“देशाची हद्द होती ते. तुया वावराचा धुरा नाही, गेलो अन् आलो म्हणाले.”

कुलदीपने भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. ओठांवरचं नाम तुटलं नाही.

चार वाजत आले. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. एकदा वीणा टेकली, की गाव आपोआप बोलेल, याच्यानं काय राखलं जाते म्हणून. सूर्यभान तेवढ्याचीच वाट पाहत होता.

“ठेव खाली. कोनी पाहून नाही राहिलं.”

“घेणारा आल्याबिगर कसी ठेवू?”

“अन् नाहीच आला तं?”

“येईल, काका. तिकडेबी मी हेच म्हणत होतो. उशीर झाला, पण आलीच ना आपली मानसं.”

सूर्यभानने हातातला खडूचा तुकडा खाली ठेवला. मग उठला. रांजणावर हात धुतले.

वीणा घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. कुलदीपचे पाय सुजले होते. सूर्यभान त्या पायांवर वाकला, मग त्याने वीणा आपल्या गळ्यात घेतली.

पाचच्या सुमारास सूर्यभानचे गुडघे बोलू लागले. तोंड धुऊन आलेला कुलदीप समोर उभा राहिला.

“घेऊ काय, काका?”

“माया नंबर हाय. बस तिकडे.”

कुलदीप बसला. सूर्यभानची नजर मंडपाच्या दाराकडेच होती.

माउली, कुठे वीणा घेऊन कोणी उभा दिसला, तर शेखरची आठवण ठेवा. त्यानेही कोणी येईल म्हणून वाट पाहिली असेल.