बिनपाटीचं वसतिगृह

कुलगुरू झाल्या तर वनमालाबाईंना काय मिळणार, हे त्यांच्या यजमानांनी, नरसिंगरावांनी, सकाळच्या चहालाच मांडून ठेवलं होतं: पांढरी गाडी, बंगला अन् उटनूरच्या नातेवाइकांची कायमची बोलती बंद. बाईंना हवं होतं ते यात नव्हतंच. विद्यापीठातलं मुलींचं फुकट वसतिगृह चालू ठेवायचा अधिकार त्यांना हवा होता.

बोथजवळच्या या खासगी विद्यापीठाची एक रीत आहे. कुलगुरूपदाच्या उमेदवाराने मुलाखतीला देणगीदार सोबत आणायचा, नवरदेवासोबत करवला यावा तसा. पदव्यांची फाइल कुणी उघडत नाही.

"ताई, शिकवता तं सगळ्यायलेच येते," मुलाखतीत संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले. "फंड किती आणून राह्यल्या?"

नरसिंगरावांनी कापसाच्या जिनिंगचे भूषणशेठ गाठून सोबत आणले होते. दोन कोटी द्यायला तयार. फक्त एखाद्या इमारतीवर वडिलांचं नाव हवं. बाकी इमारतींवर आधीच कुणाचे ना कुणाचे वडील होते. उरलं वसतिगृह. ते प्राध्यापकांनी पगारातून वर्गणी काढून बांधलेलं, अन् भिडेपोटी कुणीच आपली पाटी लावली नव्हती. पाटी नाही म्हणून ते विकाऊ ठरलं.

"लावा की नाव," वनमालाबाई म्हणाल्या.

"नावासंगं एसी बी लावू," भूषणशेठ म्हणाले. "हैदराबादच्या पोरी फी भरून राहतीन. माह्या बाच्या नावाखाली फुकट्या काऊन ठेवता?"

बाई उठून व्हरांड्यात आल्या. मागोमाग नरसिंगराव.

"हो म्हण व! तू नाही म्हटलं तं भार्गव बसलाच आहे बाकावर. पोरी तशाबी जातीन. खुर्ची तरी घरात येऊ दे."

भार्गव, दुसरा उमेदवार, बाईंचाच जुना विद्यार्थी. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"जातीन," बाई म्हणाल्या. "पण त्यायले काढायच्या कागदावर माझी सही नसन."

सही भार्गवने केली. दोन कोटी तेच, शेठ तेच. करवला फक्त दुसऱ्या नवरदेवासोबत गेला.

मुलींनी पेट्या खाली आणल्या. बेज्जूरकडची पूनम बाईंच्या पाया पडली अन् तिथंच अडखळली.

"मॅडम, तुमी खुर्चीवर असत्या तं परीक्षेपर्यंत तरी राहू दिलं असतं ना आमाले?"

बाई तिच्या पेटीची कडी लावत राहिल्या. कडी केव्हाच लागली होती.

भार्गवला गाडी मिळाली, शेठच्या वडिलांना पाटी, भगवंतरावांना फंड, वनमालाबाईंना स्वच्छ हात. बाईंच्या तत्त्वनिष्ठेच्या सत्काराला टाळ्या आपण वाजवल्या. त्याला काही किंमत पडत नाही. किंमत भरली पूनमने: बीएस्सीचं दुसरं वर्ष, अर्ध्यावर सुटलेलं.